सुगंध-संवेदनशीलता आणि दैनंदिन स्वच्छतेच्या सवयी

साबण, केशतेल, अत्तर यांतील सुगंधी द्रव्ये सर्वांनाच मानवतात असे नाही. काहींच्या त्वचेवर त्यांमुळे खाज व पुरळ उद्भवते. दमेकऱ्यांचा त्रास उग्र वासाने बळावतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या द्रव्याप्रती एकदा संवेदनशील झाली, की पुढे अल्प संपर्कानेही त्वचादाह होतो. म्हणून कारक द्रव्य टाळणे हाच मुख्य उपाय होय. युरोपीय संघाने २००३ मध्ये अशा २६ द्रव्यांचा विशिष्ट प्रमाणापुढे वेष्टनावर नामोल्लेख बंधनकारक केला. २०२३ मध्ये ही यादी विस्तारली.

किनवटसारख्या वनप्रधान तालुक्यात शिकेकाई, रिठा, पळसफुले हे पर्याय परिचित आहेत. तथापि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. रिठ्याच्या पाण्याने डोळ्यांची आग होते. लिंबाच्या सालीतील लिमोनीन हवेच्या संपर्काने ॲलर्जीकारक बनते. ‘काळ्या मेंदी’त बहुधा केशकलपातील पॅराफेनिलिनडायअमाइन मिसळलेले असते.

यास्तव मोजकी, सुगंधविरहित प्रसाधने वापरावीत. ‘वासरहित’ लिहिलेल्या प्रसाधनात मूळ वास झाकणारे सुगंधी द्रव्य असू शकते, हे ध्यानी घ्यावे. नवे मलम कोपराच्या आतील बाजूस आठवडाभर लावून पाहावे. त्रास टिकल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच चाचणी करून घ्यावी. अध्यापकांनी वर्गात जाताना उग्र अत्तर टाळल्यास संवेदनशील विद्यार्थ्यांचे अध्ययनही सुकर होईल.