ओल असून पीक का सुकते?

श्रोतेहो, पाणी देऊन दोनच दिवस झालेले असतात, सरीत पाय रुततो इतकी ओल असते, आणि तरी भर दुपारी कोवळा ऊस मान टाकतो. "पाणी कमी पडलं वाटतं," असे म्हणून आपण पुन्हा दारे धरतो. नीरा आणि कृष्णा काठच्या बागायतीत कित्येक चांगल्या जमिनी जादा पाण्यापायी खराब झाल्या आहेत. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी पिकाची गत का होते, ते आज पाहू.

आधी स्वयंपाकघरात चला. काकडी चिरून मीठ लावले की घटकाभरात पाणी सुटते. उलट, मनुका पाण्यात टाकल्या की रात्रीतून टच्च फुगतात. एकदा पाणी बाहेर आले, एकदा आत गेले. असे का बरे?

वनस्पतीचे अंग बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीला एक तलम पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते-येते. विरघळलेल्या मीठ-साखरेला मात्र तो सहजासहजी वाट देत नाही. अशा पडद्याच्या एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असले, तर पाण्याचा एकूण ओघ पातळाकडून दाटाकडे होतो. यालाच परासरण म्हणतात.

मुळांतल्या पेशींचा रस एरवी मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत शिरते. पेशी भरून ताठ होतात आणि पान उभे राहते. पण निचरा नसलेल्या रानात पाणी वारेमाप दिले, की जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने त्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. वर पांढरा थर दिसू लागतो. मग मातीतले पाणीच इतके दाट होते की मुळांना ते ओढता येत नाही. त्यातच चिखलात मुळांना हवाही मिळत नाही. रासायनिक खताची मूठ बुंध्याशी टाकली की रोप जळते, त्याचेही कारण हेच.

तेव्हा पांढरा थर दिसला, तर आणखी पाणी सोडू नका. आधी माती तपासून घ्या आणि निचऱ्याचे चर काढा. निचरा झाल्यावरच गोड्या पाण्याने क्षार धुऊन खाली जातात. चोपण जमिनीत जिप्समही लागते. ते किती, हे तपासणीवरून ठरवावे.

गुरुजींना एक विनंती. बटाट्याच्या सारख्या वजनाच्या दोन फोडी घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात. समुद्राचे पाणी जवळपास इतकेच खारे असते. दोन-तीन तासांनी फोडी पुसून मुलांनाच तोलू द्या आणि वाकवून पाहू द्या. एक ताठ झालेली असेल, दुसरी लुळी. मुले घरी जाऊन ही गोष्ट वडिलांना सांगतील, आणि एखादे रान वाचेल.