टॉवर जवळचा, मालक दिल्लीचा

दूरदर्शनच्या लघुशक्ती सहक्षेपण केंद्राची ताकद १०० वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. तेवढ्यावर पंधरा-वीस किलोमीटर चित्र पोचे, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि त्यांना अडवते ती पृथ्वीची गोलाई. टॉवर ३० मीटर असेल तर लहरींचे क्षितिज सुमारे २२ किलोमीटरवर येते. पुढे जायचे तर वॅट वाढवण्यापेक्षा टॉवर उंच केलेला बरा.

मराठवाड्यातल्या सेनगावसारख्या गावात माळ आणि टेकड्या हे गणित बिघडवतात. घर टेकडीआड गेले की पडद्यावर मुंग्या. म्हणून छपरावर बांबूला अँटेना बांधायचा. लहर साधारण दीड मीटरची, तर अँटेनाची मुख्य दांडी तिच्या निम्मी, पाऊण मीटरची. एकाने वर चढून तो फिरवायचा, दुसऱ्याने खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!"

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी अशी केंद्रे उभारण्याचा देशभर सपाटा लागला. मात्र त्यांत स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता. डिशने उपग्रहाचा संकेत उतरवायचा आणि दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा सोडायचा, एवढेच काम. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले पीज केंद्र निराळे होते. १९७५ मध्ये इस्रोने सुरू केलेल्या त्या एक किलोवॅटच्या केंद्रावर तिथलेच शेतकरी, तिथलीच बोली दिसे. ऐंशीच्या दशकात तेही बंद पडले.

गावाला स्वतःचे केंद्र मिळण्यातली अडचण तंत्राची नव्हतीच, मालकीची होती. १८८५ च्या तार कायद्याने प्रक्षेपणाचा हक्क सरकारकडे ठेवला. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले; न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. १९९७ मध्ये दूरदर्शन प्रसार भारतीकडे गेले. मालकाचे नाव बदलले, पत्ता दिल्लीचाच राहिला. अमेरिकेत मात्र १९८२ पासून लहान ताकदीच्या केंद्रांना स्वतंत्र परवाने मिळू लागले आणि स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांनाही त्यांच्या भाषेतली केंद्रे मिळाली.

२०२२ पर्यंत दूरदर्शनचे मोजके अपवाद वगळता सगळे जुने प्रक्षेपक बंद झाले. आता दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेच्या तबकड्या आग्नेयेला, ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे तोंड करून असतात. गावची बातमी दाखवलीच तर केबलवाला दाखवतो. जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवण्याचा परवाना भारतात खासगी संस्थेला आजवर मिळालेला नाही.