कॉक्लिअर इम्प्लांटमधून कसं ऐकू येतं? आपणच ऐकून बघूया



"मशीन बसवलंय ना त्याला? मग हाक मारली तरी का बघत नाही?" कॉक्लिअर इम्प्लांट असलेलं मूल वर्गात असलं की हा प्रश्न कधी ना कधी कानावर येतोच. चष्मा लावला की फळा स्वच्छ दिसतो, तसंच इम्प्लांटनंतर सगळं स्वच्छ ऐकू येत असणार, असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं. का नसतं, हे समजून घेण्यासाठी संशोधक एक युक्ती वापरतात. इम्प्लांटसारखा आवाज तयार करून तो चांगलं ऐकू येणाऱ्यांना ऐकवतात.

आधी इम्प्लांटविषयी थोडं

आपल्या कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, तो कॉक्लिआ. त्यात आवाजाची बातमी मज्जातंतूंना देणाऱ्या साधारण साडेतीन हजार केसपेशी असतात. एका टोकाला जाड सूर, दुसऱ्या टोकाला बारीक. इम्प्लांटमध्ये हे सगळं काम साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोडवर येतं. शिवाय एका इलेक्ट्रोडची वीज आजूबाजूलाही पसरते.

नक्कल कशी करतात?

1. रेकॉर्ड केलेलं वाक्य जाड ते बारीक सुरांप्रमाणे 4, 8 किंवा 16 भागांत वाटतात.
2. प्रत्येक भागात आवाज क्षणाक्षणाला किती वाढतो-घटतो, एवढंच ठेवतात. बाकी बारकावे काढून टाकतात.
3. स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखी खरखर घेऊन ती त्या चढउताराप्रमाणे कमी-जास्त करतात आणि सगळे भाग जोडतात.

या पद्धतीला व्होकोडर म्हणतात. ऐकताना कुणीतरी घोगऱ्या आवाजात कुजबुजतंय असं वाटतं.

पेटीचं उदाहरण घ्या. बोटांऐवजी तळहाताने चार-चार पट्ट्या एकदम दाबून गाणं वाजवलं तर? ठेका कळेल, सूर हरवतील. इथेही तसंच होतं. म्हणूनच "तू आलास." आणि "तू आलास?" यातला फरक ओळखणं अवघड जातं, कारण तो फरक फक्त सुरात आहे.

प्रयोगांतून काय कळलं?

1995 साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. शांत जागी, थोड्या सरावानंतर, फक्त 4 भागांच्या आवाजातली साधी वाक्यंही लोकांना बहुतेक कळली! म्हणजे बोलणं समजायला आवाजाचे सगळे तपशील लागत नाहीत.

पण मागे गोंगाट असला की चित्र पालटतं. नक्कल ऐकणाऱ्यांना भाग वाढवले की जास्त कळू लागतं. इम्प्लांट वापरणाऱ्यांना मात्र 7-8 भागांच्या पुढे सहसा फारसा फायदा होत नाही, इलेक्ट्रोड कितीही असोत. आणि आपला वर्ग म्हणजे पंखे, बाकांची सरकासरकी, शेजारच्या वर्गातले पाढे!

एक गोष्ट विसरू नका

नक्कल म्हणजे त्या मुलाचा अनुभव नव्हे. आपल्याला मराठी आधीच येते, त्यामुळे निसटलेला शब्द आपण अंदाजाने भरतो. जन्मतः ऐकू न येणारं मूल तर भाषाच या आवाजातून शिकतं. त्याच्यासाठी तो आवाज विचित्र नाही, तोच त्याचा आवाज आहे. आपण दोन मिनिटं ऐकून कान बाजूला करतो, ते दिवसभर लक्ष देऊन ऐकतं. दुपारनंतर ते दमलं, तर तो आळस समजू नका.

घरी करून बघा

इंटरनेटवर 'कॉक्लिअर इम्प्लांट सिम्युलेशन' शोधा. एक वाक्य ऐका आणि कळलं तेवढं लिहा. मग मूळ वाक्य ऐका. आता पुन्हा नक्कल ऐका. मघाशी न कळलेलं वाक्य बऱ्याचदा एकदम उलगडतं! आवाज तोच, फक्त काय ऐकायचंय ते आता माहीत आहे. म्हणूनच नवा धडा सुरू करण्याआधी विषय आणि नवे शब्द फळ्यावर लिहून ठेवले, तर त्या मुलाला मोठी मदत होते.

वर्गात आणखी एवढं करूया:

• फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही.
• मागच्या बाकावरून आलेलं उत्तर आपण पुन्हा सांगायचं.
• "ऐकू आलं का?" असं विचारलं की मूल मान डोलावतं. त्याऐवजी "मी काय सांगितलं?" असं विचारायचं.

नक्कल ऐकून झाली की आपल्या वर्गात पाच मिनिटं डोळे मिटून बसा. किती आवाज आहेत, ते मोजा. त्यातला एक तरी उद्या कमी करता येईल.