टॉवरवरची रुंद पेटी

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर असेल तर एकदा नीट बघा. माणसाच्या उंचीच्या अरुंद, उभ्या पेट्या म्हणजे जुन्या पद्धतीच्या अँटेना. त्यांच्या शेजारी एखादी बुटकी, रुंद पेटी दिसली आणि तिच्या पाठीवर मोटारसायकलच्या इंजिनासारख्या धातूच्या पट्ट्या असल्या, तर ती बहुधा ५जीची. रेडिओ यंत्रणा तिच्या पोटातच असते आणि ती चांगलीच तापते.

आत काय असतं?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. त्याचा एक मुख्य पट्टा साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा. या पट्ट्यावरची लहर साडेआठ सेंटिमीटर लांब. आडव्या ओळीत अँटेनाचे छोटे घटक साधारण अर्ध्या लहरीवर, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटरवर बसवतात. एका पेटीत १९२ घटक ही नेहमीची मांडणी.

झोत वळतो कसा?

एकटा घटक लहर पसरून टाकतो. ओळीतल्या सगळ्यांनी एकाच क्षणी सोडली, तर ती समोर जोर धरते आणि बाजूंना लहरी एकमेकींना खोडतात. आता डावीकडच्याने आधी आणि उजवीकडच्या प्रत्येकाने किंचित उशिरा सोडली, की झोत उजवीकडे वळतो. किंचित म्हणजे किती? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा. ३० अंश वळायला शेजाऱ्या-शेजाऱ्यांत त्यातल्या सत्तरेक भागांचा फरक पुरतो.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या मोटारींनी फिरवाव्या लागतात. ही पेटी मात्र तसूभरही हलत नाही. युक्ती तशी जुनीच, अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. एकाच पट्ट्यावर, एकाच वेळी अनेक फोनना वेगवेगळे झोत देणं, ही खरी नवी कमाई.

फोन कुठे आहे हे कसं कळतं?

टॉवरला ते कळायची गरजच नसते. फोन अधूनमधून एक ठरलेला संकेत पाठवतो. तो कोणत्या घटकाला आधी आणि कोणाला उशिरा मिळाला, हे मोजून तोच फरक उलटा लावायचा. संकेत समोरच्या भिंतीवर आपटून आला असेल, तर झोतही त्या भिंतीकडेच जातो, आणि तरी फोनपर्यंत पोचतो!

लहरी आखडल्या की

२६ गिगाहर्ट्‌झला म्हणजे ५जीच्याच दुसऱ्या एका पट्ट्यावर, लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटरची. तिला झाडाची पानं अडवतात, फोन धरलेला हातसुद्धा अडवतो. म्हणून अशा फोनमध्ये वेगवेगळ्या कडांना छोट्या अँटेना बसवतात. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात याहूनही आखूड लहरींवर प्रयोग केले होते, तेही १८९०च्या दशकात.

पुढे काय?

६जीसाठी सात गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यांचा विचार चालू आहे. तिथे लहर निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच पेटीत चौपट घटक. पण घटक वाढले की त्यांना पुरवायच्या यंत्रणेचं वीजबिलही वाढतं, आणि माझ्या मते खरा अडसर तिथेच आहे. म्हणून संशोधक स्वतः लहर न सोडणाऱ्या फलकांकडेही वळले आहेत. ते भिंतीवर लावायचे आणि आलेला झोत हवा तिकडे परतवायचा.