पडद्यावरची शेवटची ओळ

हल्ली चारचौघांत बोलायचे म्हणजे पाठीमागे पडदा हवाच, अशी समजूत झाली आहे. कंपन्यांतल्या बैठकांचे सोडा. आठवीतला मुलगा ‘जलसंवर्धना’वर स्लाइड्स करतो, साठीच्या समारंभात नातवंडे आजोबांचा जीवनपट पडद्यावर दाखवतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही वार्षिक सभेत लॅपटॉप उघडून बसतात. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडली आणि ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने पौराणिक कथांचे खेळ केले. त्या खेळात कामाची वाटणी स्वच्छ होती. चित्र पडद्यावर, शब्द निवेदकाच्या तोंडी.

ही वाटणी पुढे पार विस्कटली. १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी ‘पॉवरपॉइंट’ बाजारात आले. ते तयार करणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. बघता बघता शब्दच पडद्यावर जाऊन बसले. तेही पुऱ्या वाक्यांत नव्हे, तर ठिपके देऊन, तुकड्यातुकड्यांनी. वक्ता आपल्याकडे पाठ करून तेच तुकडे वाचतो. आपण त्याच्या आधी वाचून मोकळे होतो आणि त्याचे वाचून होईपर्यंत जांभया दाबत बसतो. एवढ्यावर भागले तर हसून सोडून द्यावे. पण एक स्लाइड मला अशी ठाऊक आहे, की तिच्याविषयी हसण्याचे धाडस होत नाही.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान सात जणांना घेऊन उडाले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा मोठा तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान पृथ्वीभोवती फिरत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइड्सच्या रूपाने वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांतली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात छापली गेली, म्हणून ती आपल्याला पाहता येते.

तिचा मथळा वाचून कोणालाही हायसे वाटावे. जुन्या चाचण्या पाहता यानाच्या उष्णतारोधक टाइल्स भेदल्या जाण्याचे आपले गणित सावध बाजूचेच आहे, असा त्याचा आशय. मग खाली ठिपके, ठिपक्यांखाली आडव्या रेघा, त्यांच्याखाली आणखी बारीक ठिपके. येल विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द आणि त्याची रूपे तीत पाच वेळा येतात आणि अर्थ मात्र जागोजाग पालटतो, हे त्यांनीच दाखवले. अगदी तळच्या ओळीत, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, यानावरून निघालेला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! घरातल्या मापाने सांगायचे तर चाचणी झाली ती दोन काडेपेट्यांएवढ्या तुकड्याची, आणि सुटला तो आकाराने गोडेतेलाच्या १५ किलोच्या दोन डब्यांएवढा.

१ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात फुटले. सातही जण गेले. एका स्लाइडने यान पाडले, असे कोणी म्हणत नाही. पंखाची छायाचित्रे घ्यावीत, ही अभियंत्यांची विनंतीही वर मान्य झाली नव्हती. पण असे काही वाचून वरिष्ठाला प्रसंग जिवावरचा आहे हे उमगले नाही तर नवल नाही, असा निष्कर्ष मंडळाने काढला. मला राहून राहून वाटते, की मथळ्याच्या जागी एवढेच लिहायला हवे होते : ‘एवढा मोठा तुकडा आपण कधीच तपासलेला नाही.’ खाली प्रमाणात काढलेले दोन चौकोन, एक ठिपक्याएवढा आणि एक पडदा व्यापणारा. बाकी सारे तोंडाने बोलायचे.

म्हणून कोणी ‘माझ्या स्लाइड्स बघाल का?’ असे विचारले, की मी आधी लॅपटॉप मिटायला सांगतो. लोकांनी घरी काय घेऊन जायचे, ते एका वाक्यात कागदावर लिहा. वाक्य जमेना, तर स्लाइड्सही जमायच्या नाहीत. जमले, तर तेच मथळ्यावर टाका. आणि रंगांचा, उडत येणाऱ्या अक्षरांचा सोस नको. तो लग्नाच्या व्हिडिओत शोभतो.

आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अडली होती. पहिल्या सभेत २८ स्लाइड्स झाल्या : दरपत्रकांचे तक्ते, उपविधींची कलमे, जुन्या दुरुस्त्यांचा इतिहास. टाकीखालच्या स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या आहेत, हे २३व्या स्लाइडवर चौथ्या ठिपक्यात होते. तोवर निम्मी सभा मोबाइलमध्ये. ठराव बारगळला.

पुढच्या सभेची सूत्रे खजिनदारबाईंनी घेतली. त्या निवृत्त शिक्षिका. तक्ते त्यांनी कागदावर छापून दोन दिवस आधी घरोघर दिले. कागद हातात धरून, मागेपुढे उलटून वाचता येतो. तक्त्याची जागा तीच. सभेत पडद्यावर एकच छायाचित्र आले : त्या गंजक्या सळ्या आणि मापासाठी शेजारी धरलेली फूटपट्टी. वर एक ओळ : ‘ही टाकी आपल्या जिन्याच्या डोक्यावर आहे.’ बाई तीन-चार मिनिटे बोलल्या, लोकांकडे तोंड करून. मग त्यांनी कीबोर्डवरची ‘बी’ ही कळ दाबली. पॉवरपॉइंट चालू असताना तिने पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. सगळ्यांच्या नजरा पडद्यावरून बाईंकडे वळल्या.

“विचारा आता काय विचारायचंय ते,” त्या म्हणाल्या.

पुढचा दीड तास वर्गणीवरून कडाक्याचे भांडण झाले. रात्री साडेअकराला ठराव मंजूर झाला, तोही वर्गणी तीन हप्त्यांत घेण्याच्या अटीवर.