पवित्र शास्त्रातील जादूटोणा

पवित्र शास्त्रात जादूगार, शकुन पाहणारे आणि मृतांशी बोलणारे यांचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. फारोच्या जादूगारांची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लहानपणीच ऐकलेली असते; परंतु अशा विद्यांस शास्त्राचा विरोध का, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे थोडक्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्राचीन काळी या विद्यांस राजदरबारी मान होता. बाबेलचा राजा स्वारीच्या वेळी दोन वाटा फुटतात तेथे थांबतो, बाण हालवून कौल घेतो आणि पशूचे यकृत तपासतो, असे यहेज्केलाच्या एकविसाव्या अध्यायात वर्णन आहे. हे केवळ कविकल्पनेतले नव्हे. शकुनांच्या खुणा कोरलेली यकृताची मातीची प्रतिकृती आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहावयास मिळते. अशा शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या इस्राएल लोकांस अनुवादाच्या अठराव्या अध्यायात या सर्व प्रथांची मनाई केली आहे. आणि लेकरांचा होम करण्याची क्रूर चालही त्याच यादीत घातली आहे.

मनाई करणे सोपे, पाळणे कठीण, हे शौल राजाच्या कथेवरून दिसते. मृतांस विचारणाऱ्यांना त्यानेच देशातून घालवून दिले होते. परंतु पलिष्ट्यांचे सैन्य पाहून त्याचा धीर सुटला; देवाकडून उत्तर मिळेना; तेव्हा तोच राजा वेष पालटून रात्री एन-दोर येथील एका स्त्रीच्या दारी गेला. तेथे त्याला शमुवेलाकडून आपल्या नाशाचेच भविष्य ऐकावे लागले. पुढे गिलबोवाच्या डोंगरावर त्याचा अंत झाला. या कथेतील एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेतून सुटते. दिवसभर उपाशी असलेला राजा जमिनीवर कोसळला, तेव्हा त्याच स्त्रीने घरचे पुष्ट वासरू कापून, भाकरी भाजून त्याला जेवू घातले. तिचा धंदा निषिद्ध होता. तथापि तिची माणुसकी शास्त्राने लपविली नाही.

नव्या करारात या धंद्याची दुसरी बाजू दिसते. फिलिप्पै येथे एक दासी भविष्य सांगून आपल्या धन्यांस पुष्कळ पैसा मिळवून देत असे. पौलाने तिला त्या बंधनातून सोडविले. त्याचा धन्यांस आनंद झाला नाही. मिळकत बुडाली म्हणून त्यांनी पौल व सीला यांस अधिकाऱ्यांपुढे ओढले, आणि त्या दोघांस फटके व तुरुंगवास भोगावा लागला. इफिस येथे जादू करणाऱ्या अनेकांनी आपली पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत ५०,००० रुपये-नाणी भरली. ही पुस्तके कोणी हिसकावून घेतली नव्हती. ज्याची त्याने आणली होती.

येथेच आम्हांस मुख्य बोध दिसतो. इफिसकरांनी स्वतःच्या घरातील जादू जाळली. पुढील काळात लोकांनी शेजाऱ्यांच्या घरांत ती शोधली. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चेटकिणीस देहान्त सांगणारी एक आज्ञा आहे. तिचा आधार घेऊन युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत हजारो स्त्री-पुरुषांचे प्राण घेतले गेले. अमेरिकेत सालेम येथे १६९२ साली केवळ आरोपांवरून आणि भ्रमिष्ट साक्षींवरून १९ जणांना फाशी दिले. पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, तेथील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने भर मंडळीत उभे राहून आपला दोष कबूल केला. परंतु गेलेले प्राण परत आले नाहीत.

हा दोष केवळ परक्यांचा आहे असे समजू नये. आपल्याकडेही घरात आजार आला की एखाद्या निराधार स्त्रीवर करणीचा आळ येतो. महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने अशा प्रकारे एखाद्यास छळणे हा गुन्हा ठरविला आहे. तथापि भय केवळ कायद्याने जात नाही. संकटसमयी शौलाने रात्रीचा काळोख शोधला. आपण प्रार्थना, वैद्य आणि विचार यांचा आश्रय करावा. आणि जादू शोधावयाचीच असेल, तर ती प्रथम आपल्या मनातील भयात शोधावी, शेजारणीच्या घरात नव्हे.