कागदातला शंख

शंख-शिंपल्यांची टपाल तिकिटं बघायला म्हणून गेलो आणि ठाण्यातल्या एका संग्राहक काकांनी पहिलंच तिकीट पालथं घातलं. काळी बशी, चिमटा, वर लायटरच्या फ्लुइडचे दोन थेंब. खोलीभर पेट्रोलसारखा वास. भिजलेल्या कागदात हळूहळू एक गडद शंख उमटला, काही सेकंद दिसला आणि फ्लुइड उडताच नाहीसा झाला.

"त्रावणकोर. पुढे शंख, कागदातल्या जलचिन्हातही शंख," काका म्हणाले. "किंमत एक चक्रम. अठ्ठावीस चक्रमचा एक रुपया!"

त्रावणकोर संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र होतं. त्याला अंचल म्हणत. त्यांची पहिली तिकिटं १८८८ सालची. शंख हे राजचिन्ह, म्हणून राजाच्या चेहऱ्याऐवजी शंखच छापला. वर्षानुवर्षं तोच नमुना निघत राहिला, छटा मात्र बदलत गेल्या. म्हणून काका कागदातल्या शंखाची ठेवण बघतात, मग कडेचे दाते मोजतात आणि तिकिटाचा काळ ठरवतात. पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवणं, टिपकागदात दाबणं ही त्याआधीची हमाली.

मी पुन्हा पुन्हा "अजून एक दाखवा" म्हणत होतो. त्या वासाने डोकं जड झालं होतं, तरीही.

शंख-शिंपल्यांचा रंगीत अल्बम नंतर निघाला. अमेरिकेची १९८५ची २२ सेंटची पाच, आपल्या टपालखात्याची १९९८ची चार. देखणी आहेत, नाही कशाला म्हणू? पण काही लहान देशांचे संच उलटून पाहिले तर पुढे टपालाचा शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा! संग्राहकांसाठी छापखान्यातच शिक्का मारून विकलेली ही तिकिटं. समुद्र सोडा, त्यांनी टपालपेटीही पाहिलेली नाही. यातलं एखादं बशीत टाकू या का, असं विचारताच काकांनी अल्बम मिटला. अशा रंगीत छपाईची शाई फ्लुइडमध्ये सुटू शकते.

पुढे कोचीनशी जोडल्यावर निघालेल्या त्रावणकोर-कोचीनच्या १९५०च्या दोन पैच्या तिकिटावरही शंख आहे. पुढच्याच वर्षी अंचल भारतीय टपालात विलीन झालं.

निघताना मी भीतभीतच एक चक्रमच्या तिकिटाचा आजचा भाव विचारला. "साधं असेल तर चहा-वड्यात येईल," काका हसले. "भरपूर छापलं, लोकांनी भरपूर वापरलं. अठ्ठावीस चिकटवा, तेव्हा कुठे रुपया!"